अर्धवट गाडीची लांबी

आधी माफी मागते. माझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. मुदखेडच्या मराठी शाळेत चौथी झाली, मग हातात सुई आली ती आजपर्यंत सुटली नाही. जाड रेक्झिनमधून सुई ओढून बोटं वाकडी झालीत, अक्षरंही तशीच येतात. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण पुढेमागे कुणाच्या हाती पडलंच, तर त्यानं लाल पेन घेऊन बसू नये.

देगलूरच्या एका बंद जिनिंगच्या शेडमध्ये मी एका गाडीजवळ उकिडवी बसले होते आणि माझ्या हातातला लोहचुंबक गाडीला चिकटत नव्हता. इथून सांगायला लागते, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं.

आमचं दुकान नांदेडला, गॅरेज लाईनीत. काम कुशनचं. म्हणजे गाड्यांच्या सीटा, दाराच्या आतले पॅड, जीपचे टप. टप म्हणजे गाडीवरचं कापडी छत. मापं घेणं, फर्मा कापणं, शिवणं माझ्याकडे. गाडीवर बसवणं आमच्या यांच्याकडे. यांचं नाव महेबूब. गिऱ्हाईक दुकानात पुढे बसतं, माझी मशीन पडद्यामागे. मला परक्या माणसाशी बोलायला जमत नाही. म्हणून मी यांना सांगते आणि हे गिऱ्हाइकाला सांगतात. घरात आम्ही दखनी बोलतो, त्यामुळे माझं बोलणं गिऱ्हाइकापर्यंत पोचतं तेव्हा त्याची भाषाही बदललेली असते. बहुतेक वेळा काही बिघडत नाही.

लोहचुंबक कशाला, तर आमच्या कामात बारीक खिळे लागतात. त्यांना चुका म्हणतात. त्या सारख्या सांडतात आणि तळपायात घुसतात. म्हणून एका जुन्या स्पीकरमधला चुंबक मी दोरीला बांधून पिशवीत ठेवते. जमिनीवरून फिरवला की सांडलेल्या चुका गोळा होतात.

तर बिराजदार सर. हे लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. त्या वर्षांत लातूरच्या नावानं सगळीकडे क्लासचं वारं सुटलं होतं. नांदेडलाही गल्लोगल्ली पाट्या लागल्या होत्या. त्यांच्या क्लासची शाखा आमच्या इथे निघाली, म्हणून ते आठवड्यातून दोनदा यायचे. स्कूटरची सीट शिवायला आले आणि मग येतच राहिले. सडपातळ, तरुण, बोलताना हवेत आकृत्या काढणारे. गाव औश्याकडचं. भूकंपात घर गेलेलं, हे ते सांगायचे, पण त्यापुढे काही सांगायचे नाहीत.

एक दिवस दुकानात आले ते उभ्या उभ्याच म्हणाले, "महेबूबभाई, गाडी घेतली!"

"मुबारक सर. कोणती?"

"विलायती. स्पोर्ट्स कार. दोन दारं, दोन माणसं, वर छत नाही. जमिनीला अशी टेकलेली. देगलूरला अण्णांकडे आहे. नव्या मोटारसायकलच्या भावात!"

"एवढी सस्ती?"

"थोडं काम अर्धवट आहे ना, म्हणून."

"काय राहिलंय?"

"रंग राहिलाय. सीट, टप, वायरिंग. ब्रेकचं थोडं. डावं दार बसवायचंय."

हे हसले. "मग झालंय काय सर?"

"इंजिन फिरतं," सर म्हणाले. "कागद आहेत. चेसिस नंबर मी पेन्सिल घासून कागदावर उतरवून घेतला आणि आरसी बुकाशी ताडून बघितला. बरोबर आहे."

म्हणजे माणूस अगदीच भोळा नव्हता. पण त्यांनी इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, देऊन ठेवला होता. आणि इसाराचे पैसे कुठले, तर जूनमध्ये ते नोकरी सोडून स्वतःचा क्लास काढणार होते, त्याच्या बाकड्यांचे. हे ऐकून पडद्यामागे माझं पायडल थांबलं. बाकीची रक्कम पुढच्या आठवड्यात द्यायची होती. त्याआधी सीटा आणि टप यांना किती खर्च येईल ते बघायला तुम्ही दोघं देगलूरला चला, असं त्यांचं म्हणणं होतं.

आम्ही एसटीनं गेलो. मी खिडकीशी, हे मध्ये, सर पलीकडे. टपाचं कापड किती लागेल याचा मी हिशेब करत होते. मी यांना विचारलं, यांनी सरांना विचारलं, "टप कॅनव्हासचा करायचा की रेक्झिनचा?"

"टप नको."

"पाऊस आला तर?"

"भिजू," सर म्हणाले. मग सांगायला लागले, "आमच्या घराला माळवद होतं. दगडाच्या भिंती, वर मातीचा थर. आजोबा आत झोपले होते, मी अंगणात. तेव्हापासून कुठल्याही खोलीत शिरलो की आधी वर बघतो. वर्गातसुद्धा. पोरं हसतात. त्या दिवशी शेडमध्ये त्या गाडीत बसलो आणि वर बघायचं विसरलोच."

मी टपाचा हिशेब सोडून दिला.

अण्णा म्हणजे देवणीच्या बैलांचे मोठे व्यापारी. बोलताना मध्येच तेलुगू, मध्येच कानडी. गाड्यांचा त्यांचा धंदा नव्हता. हैदराबादेत कुणाकडून तरी घेणं होतं, पैशाच्या ऐवजी ही गाडी मिळाली आणि जिनिंगच्या शेडमध्ये येऊन पडली. त्यांनी चहा मागवला आणि चहाबरोबर बैलांच्या गोष्टी.

"देवणीच्या बाजारात माझं नाव विचारा," ते म्हणाले. "बैल मारका असंल, बसका असंल, खांदा टाकत असंल, खोड सांगितल्याबिगर मी कासरा हातात देत न्हाई. आन् खोड लपवून कुणी बैल दिला, तर दावणीला परत आणून बांधायची रीत हाय. त्याला आमच्यात कुणी न्हाई म्हणत न्हाई."

"गाडीची खोड कोणती अण्णा?" सरांनी विचारलं.

"अर्धी हाय, हीच खोड. ती सांगितली की तुमाला."

मग आम्ही गाडी बघायला लागलो. मी अशी गाडी कधी बघितली नव्हती. माझ्या कमरेपेक्षा ठेंगणी, नाक लांब, मागचा भाग पाठमोऱ्या बदकासारखा. अंगावर करडा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा हात. काही वस्तू गाडीवर, बाकीच्या तीन-चार गोणपाटांत. मला ती गोणपाटं उघडायची फार उत्सुकता होती. आमच्या यांनी एकेक वस्तू काढून मांडली. घड्याळासारखे काटे, दाराचे हँडल, दिव्यांच्या कड्या.

तेव्हा मला एक गोष्ट कळली, ती इथे लिहून ठेवते. अर्धवट गाडी घेताना काय आहे ते बघू नये, काय नाही ते बघावं. आणि जे नाही, ते आपल्या गावात होतं का ते विचारावं. सीट नसली तर मी शिवीन. टपाच्या लोखंडी कमानी नसल्या तर नळ वाकवणारा आमच्या लाईनीत आहे. पत्रा सडला असला तर तोही बदलता येतो. पण पुढची काच वाकडी असते, ती फुटली किंवा नसली तर नांदेडात कोण ओतणार? काच होती, आणि अखंड होती. सरांचा चेहरा फुलला.

नंतर मी तळ बघितला. सीट बसवायची तर खालचा पत्रा पक्का लागतो. जुना गालिचा उचलला. खाली ओल, गंज, एका कोपऱ्यात बोट आरपार गेलं. ते मी यांना दाखवलं. "ह्याचं होतंय," हे म्हणाले.

डावं दार भिंतीला टेकवून ठेवलं होतं. हे आणि सर दोघांनी उचलून जागेवर धरलं. मागच्या बाजूला फट, पुढच्या बाजूला घासतंय.

"बिजागरी बसवायची राहिलीय," अण्णा म्हणाले.

त्या शेडमध्ये मला हे सारखं जाणवत होतं. काहीही विचारलं की "राहिलंय". ब्रेक लागत नाही, राहिलंय. दार बसत नाही, राहिलंय. पुरी झालेली गाडी असती तर त्यालाच बिघाड म्हटलं असतं. अर्धवट म्हटलं की सगळ्याची सुटका होते.

मी टपाच्या बटनांच्या जागा बघत मागून डाव्या बाजूनं पुढे आले. सर नको म्हणाले होते, तरी सवयीनं. टपाची बटनं पत्र्याला ठोकतात, म्हणून खाली पत्रा पक्का आहे ना ते बघायला मी चुंबक लावला. मागे चिकटला. उजवीकडे चिकटला. डाव्या दाराच्या पुढे, चाकाच्या वरच्या फुगीर भागाला लावला तर सुळकन खाली पडला.

मला वाटलं प्रायमरचा थर जाड असेल. पुन्हा लावला, पुन्हा पडला. मी सुई काढली आणि कडेला आतल्या अंगानं टोचली. सुई आत गेली. पत्र्यात सुई जात नाही. खडूसारखी पांढरी पूड बाहेर आली.

गॅरेजमध्ये पत्र्याचा खड्डा भरायला एक पुट्टी वापरतात. तिला लांबी म्हणतात. का म्हणतात ते मला माहीत नाही, सगळेच म्हणतात. थोडी लांबी प्रत्येक गाडीत असते. पण इथे पत्रा होताच कुठे, सगळी लांबीच होती. मी यांना हळूच दखनीत सांगितलं. यांनी तिथूनच हाक मारली, "सर, डाव्या अंगाला लांबी लई हाय."

सर वाकले, गाडी नीट न्याहाळली. "डावीकडे? वाटत तर नाही."

"तुमची भाभी म्हणून राहिली ना. लई हाय. आत सगळी लांबीच हाय."

"बघू," सर म्हणाले आणि माझ्यापुढे हात केला. "भाभी, टेप द्या."

मला कळेना, पुट्टीला टेप कशाला. पण मी दिली. सरांनी पुढच्या चाकाच्या मध्यावर टोक धरायला यांना सांगितलं आणि मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप नेली. मग पलीकडे जाऊन तसंच केलं. मग परत अलीकडे. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"महेबूबभाई, तुम्ही उलटं सांगितलंत. डावीकडे लांबी जास्त नाही, कमी आहे."

"कमी?" हे म्हणाले. "अवो सर, थापून थापून भरलीय!"

"काय भरलीय?"

"लांबी!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मी तोंडाला पदर लावला, कारण मला दोन्ही लांब्या एकदम कळल्या. मी यांच्या कानात सांगितलं. यांनी सरांना सांगितलं. सर एवढ्या मोठ्यानं हसले की शेडमधली कबुतरं उडाली. आणि हसता हसता मध्येच थांबले. कारण लांबी शब्दाचा घोळ झाला होता, पण टेपेचा आकडा खोटा नव्हता. गाडीची डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं आखूड होती.

"चाक वळलेलं असंल," अण्णा म्हणाले. "आन् ती कापडाची टेप. ओढली की वाढतीय. गाडी हाय का ब्लाउज?"

अण्णांचं म्हणणं अगदी खरं होतं. कापडी टेप ओढली की वाढते, हे माझ्याइतकं कुणाला माहीत. मी पिशवीतून मेणाचा जाड दोरा काढला. तो ताणला तरी वाढत नाही. यांनी स्टिअरिंग फिरवून पुढची चाकं सरळ केली. मग मी उजव्या बाजूला दोरा लावून दोन गाठी मारल्या, पुढच्या चाकाच्या मध्यावर एक, मागच्या चाकाच्या मध्यावर एक. तोच दोरा डाव्या बाजूला नेला. पुढची गाठ जागेवर आली. मागची गाठ चाकाचा मध्य ओलांडून मागे गेली, दोन बोटं.

सर जमिनीवर आडवे झाले. पांढरा शर्ट होता, तसेच गाडीखाली गेले. कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत त्यांनी चेसिसला दोरा लावला, मग दुसरी तिरकी बाजू. चेसिस म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, ज्यावर सगळं उभं असतं. दोन्ही तिरक्या रेषा सारख्या यायला हव्या होत्या. आल्या नाहीत. गाडीला कधीतरी डाव्या कोपऱ्यावर जोरात धडक बसली होती. सांगाडा वाकला होता. वरून पुट्टी थापून, घासून, प्रायमर मारून कुणीतरी तिला अर्धवट हे नाव दिलं होतं.

"ह्याचं होतं का?" सरांनी गाडीखालूनच विचारलं.

"न्हाई," आमचे हे म्हणाले. "म्हणजे आपल्याकडं न्हाई. आन् केलं तरी मी माझ्या माणसाला ह्या गाडीत बसू देणार न्हाई. वेगात एका अंगाला ओढील."

सर बाहेर आले. शर्टाला ऑइल, केसांत सरकी. अण्णांसमोर उभे राहिले. "अण्णा, मला सौदा नको. इसार परत द्या."

"इसार परत नसतोय सर. सौदा मोडला की इसार गेला. शिकलेल्या माणसाला मी काय सांगावं?"

"गाडी धडकलेली आहे हे तुम्ही सांगितलं नाही."

"मला कुठं ठावं होतं? ज्यानं दिली त्यानं मला सांगितलं न्हाई. आन् दोऱ्याचं काय घेऊन बसलात? तुमी लोळून मोजलं, तुमचंच माप."

"बाकड्यांचे पैसे होते ते अण्णा," सर म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता. "जूनला पोरं येतील."

अण्णा दुसरीकडे बघायला लागले. हे मांडलेल्या वस्तू परत गोणपाटांत भरायला लागले. धंद्याची माणसं इसाराच्या रिवाजापुढे गप्पच बसतात. माझ्या हातात तो दोन गाठींचा दोरा होता. कसं झालं सांगता येत नाही, मी चार पावलं पुढे गेले आणि दोरा अण्णांपुढे धरला.

"तुमीच मोजा," मी म्हणाले. एवढंच बोलता आलं.

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग धोतर आवरून गाडीपाशी बसले. दोरा त्यांनी घेतला नाही. बैल मोजतात तसे वीत टाकत गेले, अंगठा आणि करंगळी ताणून, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत. उजवी बाजू, मग डावी. डावीकडे शेवटची वीत पुरी बसलीच नाही. ते उठले, मागे सरकले, एक डोळा मिटून गाडीकडे समोरून बघत राहिले, बाजारात उभ्या जनावराकडे बघावं तसं.

"डाव्या पायानं लंगडी हाय," ते म्हणाले.

हे हळूच म्हणाले, "अण्णा, बैल असता तर?"

"बैल असता तर मी फसलोच नसतो महेबूबभाई! बैल चालवून बघतोय, दात बघतोय, शेपटी पिरगाळून बघतोय. ह्याला शेपूट बी न्हाई, धरायचं कुठं?" मग स्वतःवरच चिडल्यासारखं म्हणाले, "खोड सांगितल्याबिगर कासरा दिला. तुमच्या म्होरंच मी चहा पिऊन बोललो. आता माघारी कसा जाऊ? राहू द्या इथंच माझ्या दावणीला."

"आणि इसार?"

"देतो. पण आता खिशात न्हाई. जोडी घेतलीय त्यात गेला. बाजार होईल तसा देईन."

सरांनी माझ्याकडे बघून हात जोडले. मी पिशवी आवरण्याचं निमित्त केलं.

बाजार होईल तसा म्हणजे कधी, हे बैलांनाच माहीत. जून आला. सरांनी नोकरी सोडलीच होती, नांदेडातच एका पत्र्याच्या मोठ्या खोलीत क्लास सुरू केला. डोक्यावर दगडमाती नको, म्हणून पत्रा मुद्दाम बघून घेतला होता. बाकडी नव्हती. मी दुकानातल्या उरलेल्या रेक्झिनची आणि फोमच्या तुकड्यांची बसायची चौकोनी गादी शिवून दिली, मग अशा बऱ्याच. कुठली लाल, कुठली जीपच्या सीटची काळी. पोरं मांडी घालून फिजिक्स शिकली. सर पहिल्या दिवशी फळ्यावर एक गाडी काढून तिची तिरकी मापं शिकवतात, असं हे सांगत आले. गादीवर बसलेल्या पोरांची पाठ दुखते अशी तक्रार मात्र आली, ती मी ऐकून घेतली. फोम पातळ होता.

अण्णा पैसे देत गेले. कधी एसटीच्या कंडक्टरजवळ, कधी नांदेडला येणाऱ्या व्यापाऱ्याबरोबर, आणि सगळं आमच्या दुकानात, कारण सरांचा पत्ता त्यांना सापडायचा नाही. ती गाडी तिथेच राहिली. तिच्या नाकावर कोंबड्या बसतात असं कळलं.

इतक्या वर्षांत कुशनला आलेल्या कितीतरी अर्धवट गाड्यांना मी गिऱ्हाईक बोलत असताना मागून दोरा लावला. बहुतेक सरळ निघाल्या. सांगण्यासारखं एवढंच, की कागद बघावेत, तळ बघावा, गोणपाटं रिकामी करून बघावीत, चुंबक फिरवावा, पण दोन गाठी मारलेला दोरा सगळ्यांत आधी लावावा. आणि हे सगळं इसार देण्याआधी करावं. नंतर केलं तर ते शिकणं होतं, आणि तेवढी फी बसते.

शेवटचा हप्ता घेऊन दिवाळीनंतर अण्णा स्वतः आले. सरांना निरोप देऊन बोलावून घेतलं. अण्णांनी बंडीच्या आतल्या खिशातून घडी काढली आणि सरांच्या हातात ठेवली.

"मोजा," ते म्हणाले. "हे धरून सगळे फिटले."

मग पडद्याकडे तोंड करून म्हणाले, "भाभी, तेवढा दोरा देता का? बैलं न्यायला एक जुना टेम्पो बघितलाय. पुरा हाय म्हणतात, पण बघून घ्यावं."

मी पडद्याखालून मेणाच्या दोऱ्याची गुंडी सरकवली.

"मोजा की सर," अण्णा पुन्हा म्हणाले. "तुमाला मोजल्याबिगर झोप येत न्हाई ना?"

सरांनी नोटांची घडी तशीच शर्टाच्या खिशात टाकली आणि चहा सांगितला.